गॅरेजवरची खोली

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मिशिगन, अमेरिका
ता. २३ नोव्हेंबर १९९७

ती. स्व. सौंदूच्या अप्पांचे सेवेशी,
शिवम्माचा शि. सा. न. वि. वि.

लग्नाला एवढी वर्षं झाली, पण तुम्हाला पत्र लिहायचा प्रसंग कधी आला न्हाय. माहेर पेठ वडगाव, तिथं गेले तरी दोन दिवसांत तुम्ही एस्टीतनं उतरून दारात हजर. त्यामुळं नवऱ्याला मायना काय घालतात हे मला ठाऊक न्हाय आणि सौंदूला विचारायची लाज वाटली. चुकलं असलं तर पदरात घ्या.

मी सुखरूप पोचले. विमानात कानात दडे बसले ते अजून पुरते गेले न्हाईत, त्यामुळं इथली माणसं काय बोलतात ते मला कळत न्हाय, याचं खापर मी कानांवर फोडते. सौंदूला नववा लागलाय. पाय सुजलेत, पण तोंडावर तेज हाय. प्रभुलिंग तर सोन्यासारखे. माझी पेटी त्यांनी मला उचलू दिली न्हाय. घरातली सगळ्यात मोठी खोली मला दिली, दोन खिडक्या, न्हाणीघर आतच. भिंतीवर बसवण्णांचा फोटो लावून ठेवलाय. नवराबायको आपण धाकट्या खोलीत निजतात.

आता एक सांगते ते तुमच्या माझ्यात राहू द्या. ही खोली गॅरेजच्या वर हाय. बाकी घर उबदार, पण माझ्या खोलीत खालनं असला गारठा येतो, की गालिचा असून पाय ठेवला की तुमच्या दुकानातल्या बर्फाच्या लादीवर ठेवल्यागत होतंय. सकाळी खाली गॅरेजचं दार गडगडत उघडलं, की माझ्या पावलांना पयलं कळतंय. लिंगपूजेला मांडी घालून बसवत न्हाय, खाटेवर बसूनच करते.

हे प्रभुलिंगना कळवू नका, तुम्हाला बाळाची शपथ. लेकीच्या घरी गेलेल्या आईनं खाणं, पाणी आणि जागा यांतलं काही वंगाळ म्हणू नये, बोल लागतो तो लेकीला, असं माझी अव्वा सांगायची. फोनवर सगळी भोवती उभी असतात, म्हणून हे पत्रात लिहिलं.

बसव जयंतीच्या आधी मी घरी हाय. तोवर शेंगदाण्याची चटणी पुरवून खा. आक्कांना शिरोळासनं बोलावून घ्या, एकट्यानं स्टोव्हशी मारामारी करू नका.

माझ्यावर हाय तो लोभ झाकून ठेवा, उतू घालवू नका.

आपली,
शिवम्मा

•

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. ८ डिसेंबर १९९७

सौभाग्यवती शिवम्मा हिस,
मल्लाप्पाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायना झकास जमला. मला मात्र तुला काय लिहावे ते सुचेना, म्हणून दुकानाच्या उधारीच्या पत्राला घालायचो तोच घालणार होतो. आक्काने ऐकले आणि माझी अक्कल काढली.

आक्का येऊन आठवडा झाला. या वयात मला ‘मल्ल्या’ म्हणून हाक मारते, गल्लीतली पोरे हसतात. आमटीत मीठ दोनदा पडते. मी काही बोलत नाही, कारण तिला आता नीट दिसत नाही. मिठाचा डबा आणि साखरेचा डबा तिने हाताने चाचपून ओळखलेला मी पाहिला.

तुझे पत्र वाचून मात्र डोके फिरले. गॅरेजवर खोली? आपल्या गल्लीच्या तोंडाला जोतीरामचे गॅरेज आहे की. दिवसभर ठोकाठोकी, ऑइलचा वास, हॉर्न वाजवून बघणे, आणि मिस्त्री लोकांच्या तोंडी एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार. त्याच्यावरच्या खोलीत मी आपले मांजरसुद्धा झोपवणार नाही. पण मग विचार केला, तिकडे घराचे हप्ते फार असतात म्हणे. बिचाऱ्या प्रभुलिंगाने खालचा गाळा भाड्याने दिला असेल. जावयाची झाकली मूठ आपण कशाला उघडायची? मी विचारणार नाही. तू शपथ घातली नसतीस तरी विचारले नसते.

आता उपाय. मी जन्मभर बर्फ विकला, तेव्हा गारठा हा माझ्या घरचा विषय. बर्फाची लादी आपण भुशात का ठेवायचो? लोकांना वाटायचे, भुसा गार असतो. भुसा गार नसतो आणि गरमही नसतो. त्याला एवढेच कळते, की आतले आत राखायचे आणि बाहेरचे बाहेर. वखारीतला कोरडा भुसा पातळ पोत्यांत भरून गालिच्याखाली अंथरून घे. तिकडे लाकडाची घरे आहेत म्हणजे भुसा मिळणारच. पायाला तिळाचे तेल कोमट करून लाव. आणि मोजे घाल. मोजे घातले म्हणजे मडमीण झाली असे कोणी म्हणणार नाही.

बाळंतपण सुखरूप होवो. सौंदूला सांग, अप्पा रोज अंबाबाईच्या देवळाला वळसा घालून येतो. लिंगायताच्या पोराने किती देव धरावेत, असे वसंत मास्तर म्हणाले. मी म्हटले, लेकीसाठी सगळे चालतात.

इकडची ऊब पाकिटात घालता आली असती तर धाडली असती. लोभ आहे, तो मोज्याच्या आत असू दे.

तुझा,
मल्लाप्पा

•

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मिशिगन
ता. २८ डिसेंबर १९९७

ती. स्व. सौंदूच्या अप्पांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर कळलंच हाय, की तुम्ही आजोबा झालात. आता सावकाश सांगते. नात गोरी न्हाय, काळी न्हाय, गव्हाळ हाय आणि कपाळ तुमचं घेतलंय, बर्फाच्या लादीएवढं रुंद. रडायला लागली, की शिवाजी पेठेची वाटते.

जोतीरामच्या गॅरेजचं आणि मांजराचं वाचून एकटीच हसत बसले. तुमची थट्टा करायची खोड सातासमुद्रापार पण सुटत न्हाय.

भुसा कुठनं आणू? वखारीत जायचं तर गाडी पायजे, गाडी पायजे तर प्रभुलिंगना सांगाय पायजे, आणि सांगितलं तर सगळंच सांगाय पायजे. मी गालिच्याच्या एका कडेखाली वर्तमानपत्रं सरकवली. इथली वर्तमानपत्रं रविवारी उशीएवढी जाड येतात. चालताना कुरकुर आवाज यायला लागला तेव्हा सौंदूनं विचारलं, अव्वा, घरात उंदीर झालेत का. काढून टाकली. आता पाय पोटाशी घेऊन निजते आणि सकाळी ते सरळ करायला मला दोन्ही हात लावाय लागतात. जिना उतरताना बसत बसत उतरते, कुणी बघत नसलं तर.

त्याचं काही न्हाय हो. म्हातारपणी पाय वाकडे झाले तर काय लगीन थोडंच जमवायचंय. पण एक गोष्ट सलतीय. सौंदूला झोप मिळावी म्हणून नात माझ्याजवळ निजवायची असं ठरलं होतं. त्यासाठीच आले की मी. पयल्याच दिवशी दुपारी निजवली. थोड्या वेळानं सौंदू आली, पोरीच्या पायाला हात लावला, आणि तिला उचलून घेऊन गेली. नंतर म्हणाली, अव्वा, सवयीनं खिडकी उघडी टाकलीस न्हवं? मी व्हय म्हणाले.

तेव्हापासून नात त्यांच्याकडंच. सौंदूचे डोळे खोल गेलेत आणि मी मोठ्या खोलीत पाहुणीगत बसलेली असते.

मनात येतंय, गुडघ्याचं निमित्त सांगून फेब्रुवारीतच परत यावं. इथं असून नसल्यागत राहण्यापेक्षा तुमच्या आमटीतलं मीठ तरी नीट पडेल. तिकीट बदलता येतं म्हणतात. तुम्हाला काय वाटतं ते कळवा.

लोभ चुलीजवळ ठेवा, गार होऊ देऊ नका.

आपली,
शिवम्मा

•

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. १४ जानेवारी १९९८, संक्रांत

सौभाग्यवती शिवम्मा हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिळगूळ पाकिटात चुरा होईल म्हणून नुसते तीळ घातले आहेत, गूळ तुझ्या जिभेवर आहेच.

खरे सांगू? फेब्रुवारीत येतेस हे वाचले आणि पुढचे वाचायच्या आधीच मी आक्काला गाद्या उन्हात घालायला सांगितल्या. तुझा पाटा धुऊन ठेवला. जोतीरामला जाऊन सांगून आलो. मग चष्मा पुसून सावकाश पत्र वाचले, तर नात तुझ्या खोलीत निजत नाही हे दिसले, आणि खिडकीचे ‘व्हय’ दिसले. आनंदाने उड्या मारणाऱ्या पायांची मला लाज वाटली. बाई, तू पोरीसाठी गेली आहेस आणि पोरीवाचून परत आलीस तर ती सल इथे घेऊन येशील. मग या घरात कितीही ऊब असली तरी काय उपयोग?

म्हणून मी हातपाय हलवले. पट्टणकोडोलीच्या धनगराकडून अस्सल काळे घोंगडे आणले. असे दाट, की पाणी ओतले तर वरच राहील. पण पाठवणार कसे? वसंत मास्तरांचा भाचा अमेरिकेला निघाला होता, त्याच्या घरी घोंगडे घेऊन गेलो. त्याने ते उचलून बघितले, हुंगून बघितले आणि म्हणाला, काका, याच्या वजनात माझी सगळी पुस्तके बसतात, आणि विमानतळावरचे लोक मेंढीसकट पकडतील. पोस्टात नेले. तिथल्या बाईंनी काट्यावर ठेवले आणि माझ्याकडे अशी दया येऊन बघितली, की मी न विचारताच परत उचलले. घोंगडे आता कपाटावर आहे. घरात मेंढराचा वास आणि मी.

मग मात्र दुसरा मार्ग काढला. प्रभुलिंगाला कळवू नको म्हणालीस, मी शब्द पाळला. पण खालच्या मिस्त्रीला कळवू नको असे तू म्हणाली नव्हतीस. धंदेवाईक माणसाला धंदेवाईक माणसाची भाषा कळते. मी त्याला सरळ पत्र लिहिले. मराठी मसुदा माझा, इंग्रजी वसंत मास्तरांचे. सोबत नक्कल जोडतो, वाचून बघ कुठे शब्द जास्त गेला आहे का.

काळजी करू नको. लोभ घोंगड्याएवढा दाट आहे, फक्त पोस्टात चालत नाही.

तुझा,
मल्लाप्पा

•

(नक्कल)

रा. रा. गॅरेजवाले मुख्य मिस्त्री यांस,
मल्लाप्पा, राहणार शिवाजी पेठ, कोल्हापूर, यांचा नमस्कार.

पावणं, आपली ओळख नाही, तरी राग मानू नये. आपण ज्यांच्या गाळ्यात गॅरेज चालवता, त्यांच्या वरच्या खोलीत आमची मंडळी काही महिन्यांसाठी राहायला आली आहे. बाई उतारवयाची आहे, पायांना वात आहे, आणि आपल्या गॅरेजचा गारठा थेट तिच्या पायाला लागतो.

मी स्वतः दुकानदार होतो. शटर उघडे ठेवल्याशिवाय गिऱ्हाईक येत नाही हे मला सांगायला नको. पण गिऱ्हाईक नसेल तेव्हा शटर अर्धे तरी खाली ओढत जावे. छताला आतून जुनी पोती, गोणपाट, हाताशी असेल ते ठोकून घ्यावे. शेगडी पेटवत असाल तर पेट्रोलपासून लांब पेटवावी. सकाळी दार जरा हळू उघडावे.

यातले काहीही घरमालकांना बोलू नये. ते आमचे जावई आहेत. आपणही कोणाचे तरी जावई असाल, तेव्हा अधिक सांगायला नको.

कधी कोल्हापूरला येणे झाले तर उतरायची सोय आमच्याकडे आहे. म्हशीचे दूध समोर काढून देतात.

आपला,
मल्लाप्पा, बर्फवाले

•

मिशिगन
ता. १ फेब्रुवारी १९९८

ती. मामांना,
प्रभुलिंगचा शि. सा. नमस्कार.

गेली कित्येक वर्षं मराठीत पत्र लिहिलं नाही. ऱ्हस्व-दीर्घाकडे दुर्लक्ष करावं.

तुमचं मिस्त्रींना लिहिलेलं पत्र मिळालं. पाकिटावर ‘मुख्य मिस्त्री, गॅरेज’ आणि खाली आमचा पत्ता होता, म्हणून पोस्टमनने आमच्याच पेटीत टाकलं. मी ते सौंदर्याला मोठ्याने वाचून दाखवायला लागलो. शटरपर्यंत आम्ही दोघं डोळ्यांतून पाणी येईतो हसलो. ‘ते आमचे जावई आहेत’ इथे आल्यावर मला पुढे वाचता आलं नाही.

मामा, खाली कोणी मिस्त्री नाही. गाळा भाड्यानेही दिलेला नाही. इकडे गॅरेज म्हणजे घराचाच एक भाग, गाडी ठेवायचा कोठा. तिथे माझीच गाडी असते आणि सकाळी ते दार मीच उघडतो. म्हणजे तुमचं पत्र योग्य माणसाला पोचलं.

मी रोज आत्तींना विचारत होतो, खोली कशी आहे. त्या रोज म्हणत होत्या, छान आहे. आम्ही घरात सपाता घालून फिरतो, त्यामुळे आम्हाला कधी समजलं नाही. काल त्या खाली स्वयंपाक करत होत्या तेव्हा मी वर जाऊन अनवाणी उभा राहिलो. मनात एक ते शंभर मोजायचं ठरवलं होतं, तेवढं काही जमलं नाही.

खोलीखालचं गॅरेज तापवलेलं नसतं आणि त्याच्या छताच्या तुळयांमधल्या पोकळ्या, घर बांधणाऱ्याने रिकाम्याच ठेवल्या आहेत असं दिसतं. छताचे तक्ते काढून त्या पोकळ्यांत काचेचा कापूस भरायचा, जिथून वारा शिरतो त्या फटी बुजवायच्या आणि तक्ते परत लावायचे. यालाच इन्सुलेशन म्हणतात. तुम्ही बर्फाच्या लादीभोवती घालायचा त्या भुशाचाच प्रकार, फक्त भुसा पेटतो आणि हा पेटत नाही. माणसं उन्हाळ्याशिवाय मिळत नाहीत, म्हणून शनिवार-रविवारी मीच करणार आहे. मी आयुष्यात भिंतीला खिळासुद्धा सरळ मारलेला नाही, तरी करीन.

आत्तींना मी काहीच बोललो नाही, काय बोलू ते समजत नाही. तुम्ही लिहा.

आपला,
प्रभुलिंग

•

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मिशिगन
ता. २२ फेब्रुवारी १९९८

ती. स्व. सौंदूच्या अप्पांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही हे केलंत काय! मला वाटत होतं जोतीरामची थट्टा चाललीय, आणि तुम्ही खरंच मिस्त्री शोधत होता व्हय? ती नक्कल माझ्या हातात पडली त्याच्या आधी खरं पत्र जावयांच्या हातात पडलेलं. मी वरनं खाली आले. सौंदूनं मला दुसरं काही विचारलं न्हाय. एवढंच म्हणाली, अव्वा, त्या दिवशी खिडकी उघडी नव्हती न्हवं? आणि रडायला लागली. तिला रडताना बघून नात रडायला लागली. मग मी तरी कोरडी कशाला राहू?

बोल लागू नये म्हणून गप्प बसले आणि आता घरभर बोलच बोल हायत, फक्त कोणी बोलत न्हाय. प्रभुलिंग आपल्याच घरात चोरागत वावरतात. सारखे मला सपाता आणून देतात. तीन जोड झाले.

शनिवारपासून काम काढलंय. गाडी बाहेर बर्फात उभी, गॅरेजचं छत उघडं पडलंय आणि आतला तुळयांचा सांगाडा दिसतोय. तो कापूस जत्रेतल्या गुलाबी कापसागत दिसतो. मी प्रेमानं हात लावायला गेले, तर प्रभुलिंग ओरडले, आत्ती, न्हाय! काचेचा असतोय, अंगाला खाजकुयली लागल्यागत होतं. ते बिचारे तोंडाला फडकं बांधून, मान वर करून शिडीवर उभे असतात. एक तुकडा वर बसवला की मागचा डोक्यावर पडतोय. संध्याकाळी हात लाल होतात, मी खोबरेल लावते. तेल लावताना आम्ही दोघं खाली बघतो.

छत उघडल्यापासून खोलीत जास्तच गारठा हाय, म्हणून मला दिवाणखान्यात कोचावर निजवतात. येता-जाता सगळ्यांना माझी अडचण होते. मी म्हणाले, राहू द्या हो, मी जाते घरी. तसे प्रभुलिंग शिडीवरनं म्हणाले, तुम्ही गेलात तर हे मी कुणासाठी करतोय?

आता सांगा, माणूस आपल्यासाठी शिडीवर चढलाय आणि आपण विमानात बसायचं? फेब्रुवारीचं राहिलं. बसव जयंतीच्या आधी येते, ठरल्याप्रमाणं.

तुमच्यावर रागावले हाय. लोभ हाय तो हायच, पण आज तो पाठीमागं लपवून धरलाय.

आपली,
शिवम्मा

•

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. ११ मार्च १९९८

सौभाग्यवती शिवम्मा हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू रागावलीस ते बरे झाले, पत्रात तुझा आवाज तरी ऐकू आला.

गल्लीत माझी पुरती वरात निघाली. जोतीरामच्या गॅरेजवरून गेलो की त्याची माणसे गाडीखालून तोंड काढून विचारतात, बर्फवाले, अमेरिकेच्या मिस्त्रीचा जबाब आला का? मी म्हणतो, आला, पगार विचारतोय, तुम्ही जाता का? वसंत मास्तर मात्र दुखावलेत. त्यांचे म्हणणे, इंग्रजी अचूक होते, वाचणाराच चुकीचा निघाला.

आक्काला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेले. मोतीबिंदू पिकलेत, पण साखर फार आहे, ती उतरल्याशिवाय हात लावणार नाही म्हणतात. शिरोळला फोन केला. भाचा म्हणाला, मामा, उसाची तोड संपली की बघू. ऊस काय, दरवर्षी असतोच.

म्हणून मी भाकरी शिकलो. पहिली भाकरी जोतीरामला दाखवली, तो म्हणाला, ही कुठल्या गाडीच्या क्लचची प्लेट? आता बऱ्या होतात. तू आल्यावर मी करतो आणि तू चुका काढ. बसव जयंतीला आता फार दिवस नाहीत. पाटा परत धुऊन ठेवीन.

प्रभुलिंगाचे हात कसे आहेत? त्याला सांग, मी त्याला गाळेवाला समजलो याची माफी तो कोल्हापूरला आला की समक्ष मागेन, मिसळीबरोबर.

लोभ पाठीमागून पुढे घे.

तुझा,
मल्लाप्पा

•

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

मिशिगन
ता. २७ मार्च १९९८

ती. स्व. सौंदूच्या अप्पांचे सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

तुमची भाकरी वाचून इथं सगळी हसली. हात बरे झालेत जावयांचे.

खोली झाली. छताचे तक्ते परत बसले, एक कोपरा वाकडा राहिला, तो प्रभुलिंग प्रत्येक पाहुण्याला दाखवतात आणि सांगतात, हा मी केला. पयल्या दिवशी त्यांनी मला सपाता काढायला लावल्या. मी पाय टेकला. अहो, काय सांगू, आपल्या परसात दुपारी उन्हानं तापलेली जमीन सांजेला कशी लागते, तसं. बाहेर अजून बर्फ हाय आणि मी अनवाणी. जावई दारात उभे होते, त्यांच्याकडं बघून मी नुसती मान हलवली. ते वळून गेले, डोळे पुसायला गेले असतील.

आता मांडी घालून लिंगपूजा करते. आणि नात माझ्याजवळ निजते. दुपारी गालिच्यावर गोधडी टाकली की पालथी पडून मान वर करून माझ्याकडं बघते आणि हुंकार देते. मला आल्यापासून इथं कुणाचं बोलणं एवढं कळलं न्हवतं.

आता जे लिहायचंय ते लिहायला हात वळत न्हाय. सौंदूची नोकरी परत सुरू झाली. पोरीला सांभाळायला बाहेर ठेवायची तर तिचा जीव थाऱ्यावर न्हाय. राहायची मुदत आणखी सहा महिने वाढवून मिळते म्हणतात, कागद आणून ठेवलेत. मला कोणी जबरदस्ती केली न्हाय. सौंदू एवढंच म्हणाली, अप्पांनीच ही खोली उबदार करवून घेतली, ते न्हाय म्हणायचे न्हाईत.

ती म्हणते, अप्पांनी पण यावं. मी तिला आक्कांच्या डोळ्यांचं सांगितलं. त्यांना टाकून तुम्ही कसे येणार?

मी काय करू? तुम्ही ये म्हणालात तर येते, कुणाला वाईट वाटलं तरी येते. राहा म्हणालात तर राहते. फोनवर सांगू नका. फोनवर तुम्ही हसून सांगाल आणि मला काही कळणार न्हाय.

लोभ तुमच्या ओंजळीत ठेवलाय, तुम्हीच बघा.

आपली,
शिवम्मा

•

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

शिवाजी पेठ, कोल्हापूर
ता. ९ एप्रिल १९९८

सौभाग्यवती शिवम्मा हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र आले. जमिनीवर पाय टेकलास ते वाचून बरे वाटले. इतके बरे वाटले, की तेवढाच भाग आक्काला मोठ्याने वाचून दाखवला आणि बाकीचा खिशात ठेवला.

दोन-तीन पत्रे लिहिली आणि फाडली. एकात ‘ये’ लिहिले होते. मग डोळ्यांपुढे ती पालथी पडून मान वर करून बघायला लागली, तुझ्या म्हणण्याप्रमाणे माझेच कपाळ घेऊन. आपल्याच कपाळाला नाही कसे म्हणायचे?

जोतीराम फटकळ माणूस. म्हणाला, बर्फवाले, तुम्ही ते पत्र टाकले नसते तर वहिनी फेब्रुवारीतच गारठून घरी आल्या असत्या. खरे आहे की. मीच तुला शिकवले होते, भुशाला गरम-गार कळत नाही, आतले आत राखायचे एवढेच कळते. प्रभुलिंगाने काम चोख केले आहे. तू आत राहिलीस.

तेव्हा राहा. कागदांवर सही कर. हे मी हसून सांगत नाही आणि रडूनही सांगत नाही. मनगटाला पीठ लागलेले आहे, तव्यावर भाकरी आहे, आणि घाईत सांगतो आहे. नातीला मांडीवर घेऊन मराठीत बोल, शिव्या सोडून. सौंदूला सांग, अप्पा नाही म्हणाले नाहीत. प्रभुलिंगाला सांग, वाकडा कोपरा तसाच ठेव, सरळ कोपऱ्याकडे कोणी बघत नाही.

पाटा धुतला होता. तो आता कोरडाच राहील, पण भिंतीला उभा करून ठेवत नाही, मांडलेलाच असू दे.

लोभ असावा असे लिहीत नाही. तो आहे, आणि त्याला जायला फट नाही.

तुझा,
मल्लाप्पा

ता. क. घोंगडे कपाटावरून काढले आणि माझ्या खाटेशेजारी अंथरले. इथे चैत्राचे ऊन आहे, दुपारी फरशीवर उघडे पडले तरच जीव थंड होतो. आक्काच्या पायाला लोकर लागली, तशी ती चाचपत खाली बसली आणि म्हणाली, मल्ल्या, या उकाड्यात घोंगडे कशाला रे? मी सांगितले, आक्का, आपल्या खाली गॅरेज आहे.